मयताच्या घरची नानकटाई

डिसेंबर लागला की पुण्यात सगळ्यांना थंडी आवडायला लागते. सकाळी टेकडीवर कानटोप्या घातलेली माणसं एकमेकांना आज पारा किती उतरला ते सांगत असतात, जणू तो त्यांनीच उतरवलाय. आमच्या वारज्याच्या चौकात एक कॅफे झालाय. त्याच्या काचेवर कापसाचा बर्फ चिकटवलाय आणि आत बरण्यांमधून लाल रिबिनी बांधलेली बिस्किटं. भाजलेल्या लोण्याचा वास पार रस्त्यापर्यंत येतो. लोक थांबून फोटो काढतात. मला तो वास आला की राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी गोड शेवटाची वाट बघत बसायला नको.

आम्ही मराठी ख्रिस्ती. आमच्या घरी नाताळ म्हणजे फराळच. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, रव्याचे लाडू. शेजारच्या घरांतून दिवाळीला आलेली ताटं आमच्याकडून डिसेंबरात भरून परत जातात. फरक एवढाच, की आमच्या ताटात मधोमध नानकटाई असते, आणि ती घरी भाजलेली नसते. पीठ घरी मळायचं, गोळे घरी करायचे, पण भाजायचं बेकरीच्या भट्टीत. लहानपणी आई, मी आणि माझा धाकटा भाऊ संदेश, तिघं डबे घेऊन पेठेतल्या बेकरीत जायचो. तिथे आणखी दहा-पंधरा घरच्या बायका रांगेत असायच्या. बेकरीवाला काळे पत्रे द्यायचा, त्यांवर आपले गोळे आपण मांडायचे. आपली नानकटाई दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून प्रत्येकीची खूण असायची. कुणाचा बदामाचा काप, कुणाचा अंगठा दाबलेला, आमची एक चारोळी. भट्टीचं दार उघडलं की चेहऱ्यावर धग यायची आणि पाठ थंडीत तशीच गार राहायची. हिवाळा म्हटला की मला अजून अंगाचे ते दोन तुकडे आठवतात.

तूप आणि पिठीसाखर फेसायचं काम संदेशचं. वडील आम्ही शाळेत असतानाच गेले, आणि आईला अपघात विभागात दिवसभर उभं राहून आल्यावर परातीपुढे बसायचा कंटाळा यायचा. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. म्हणायची, "मला तळहातांनी आणखी काही दाबायला सांगू नका." मग संदेश बसायचा. तूप पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत हातानं फेसायचं, यंत्र लावायचं नाही, हा आईचा नियम. तो फेसता फेसता बोटं चाटायचा आणि आई न बघताच म्हणायची, "पुरे." मोठा झाला, वाघोलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायला लागला, तरी डिसेंबरातले दोन रविवार तो परातीपुढेच असायचा. कानात गाणी, हात तुपात, आणि फोन वाजला की "ताई, उचल ना, कोण आहे बघ."

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या शेवटी, संध्याकाळी कॉलेजातून घरी येताना, त्याची गाडी रस्त्यात आडव्या खणलेल्या चरात गेली. पाइप टाकायला चर खणला होता. त्याच्याभोवती पत्रे नव्हते, दिवा नव्हता, साधा दगडाला बांधलेला लाल कपडा नव्हता. रस्त्यावरचे दिवेही बंद होते. हेल्मेट होतं, पण छातीला हेल्मेट घालता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या. दुचाकी घसरून तरुण ठार. आईनं त्या वाचल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचल्या. "घसरून," ती म्हणाली. "तेल सांडलं होतं का? पाऊस होता का? केळ्याचं साल होतं? माझा मुलगा घसरला नाही. त्याला पाडलंय." पोलिसांच्या कागदात तर त्यानं हयगयीनं गाडी चालवल्याचं आलं. म्हणजे खड्डा जागेवर शहाण्यासारखा बसला होता आणि आमचा मुलगाच हयगयीनं त्यात गेला.

भेटायला येणारे लोक वाईट नव्हते. तेच कठीण होतं. "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात." "त्याची वेळ आली होती." "प्रभूची इच्छा." मी चहाचे कप भरत होते आणि मला प्रत्येक वाक्यासरशी कप आपटावासा वाटत होता. देवानं चर खणला नव्हता. देवाला टेंडर मिळालं नव्हतं. आई मात्र ऐकून घ्यायची, मान हलवायची. मला वाटलं, ती खचली. एके दुपारी पाळकसाहेब प्रार्थना करून गेले आणि तिनं मला विचारलं, "तो चर बुजवला का गं?"

मला माहीत नव्हतं.

"बघून ये."

मी नवऱ्याबरोबर जाऊन पाहून आले. चर तसाच होता. संदेशच्या गाडीच्या आरशाची काच अजून कडेला पडलेली होती आणि दुचाकीवाले ऐनवेळी ब्रेक दाबून, शिव्या देत, मातीच्या कडेकडेनं निघून जात होते.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या ऑफिसात एक इंजिनीअर होते, चाळिशीचे, बोलायला अतिशय गोड. ते म्हणाले, "मावशी, झालं ते फार वाईट झालं. पण तो पट्टा आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या ऑफिसात सांगितलं, पाइप आमचा आहे, रस्ता त्यांचा. ठेकेदाराचा माणूस फोनवर म्हणाला, काम थांबलंय, वरून कळवलं की बुजवू. पुन्हा पहिल्या ऑफिसात. तिथे तेच साहेब, तोच गोडवा. "मावशी, तुम्ही या वयात कशाला त्रास घेता?" चर कुणाचाच नव्हता. मेलेला तेवढा आमचा होता.

त्या दिवशी रिक्षातून परत येताना आईनं मध्येच रिक्षा किराणा दुकानापाशी थांबवली. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, वेलदोडे, चारोळी. तिनं एकेक नाव उच्चारलं तशी मी तिच्याकडे बघत राहिले. "आई, यंदा?"

"यंदा नाताळ नाही का?"

दोन दिवसांत ही बातमी नात्यात पोचली. आमच्या थोरल्या काकू, म्हणजे आईच्या मोठ्या जाऊबाई, सकाळीच आल्या. ओट्यावर करंज्यांचं सारण निवत होतं. त्या दारातच थबकल्या.

"सुमन, अगं महिना झाला नाही. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील, अक्का?"

"दुःखाच्या घरात कढई ठेवतात का कुणी?"

आईनं झारा खाली ठेवला. "येशूच्या जन्माला सुतक कुठलं? आपण ख्रिस्ती ना?"

"ख्रिस्ती असलो तरी रीतभात असते."

"असू दे. मी रडत बसले तर तुम्हाला बरं वाटेल, कबूल आहे. पण मला रडू येत नाही, अक्का. मला राग आलाय. आणि रागात मला बसवत नाही."

काकू माझ्याकडे वळल्या. "तू तरी सांग हिला." मी पदर खोचून करंज्या लाटायला बसले. काकू चप्पल घालून निघून गेल्या, आणि रविवारी चर्चमध्ये आमच्याशी कुणी धड बोललं नाही.

रागानं केलेला पदार्थ बिघडतो असं म्हणतात. साफ खोटं आहे. त्या आठवड्यात आईच्या हातचं एकही शंकरपाळं कच्चं राहिलं नाही, एकही करंजी तेलात फुटली नाही. तूप फेसायला ती स्वतः बसली. मी म्हटलं, मी करते, तर तिनं परात स्वतःकडे ओढली. तिचा तळवा त्या पिवळ्या तुपावर असा फिरत होता की परात जमिनीवर सरकायला लागली. मी दोन्ही पायांनी ती धरून बसले. तूप पांढरं झालं, फुललं, मी म्हटलं, "झालं गं." ती म्हणाली, "अजून." तिच्या कपाळावर ऐन थंडीत घाम होता. खाली वाड्याच्या बोळात कुणीतरी गाडीला किक मारत होतं, मारतच होतं, आणि ती गाडी सुरू होईना. मला त्या माणसाचाही राग आला. त्याच्याकडे गाडी होती आणि तो जिवंत होता.

बेकरीत शफीकभाईंनी आम्हाला पाहिलं आणि ते गल्ल्यावरून उठले. संदेशला त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. "बाई, मला वाटलं यंदा तुम्ही..."

"भट्टी तापलीय का?" आईनं विचारलं.

"तापलीय."

"मग पत्रे द्या."

रांगेतल्या बायकांनी आम्हाला पुढे जाऊ दिलं. एकीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. आईनं तो झटकला नाही, पण गोळे मांडायचंही थांबवलं नाही. एकेका गोळ्यावर एकेक चारोळी, सरळ रांगेत, जखमेला टाके घालावेत तशी.

इतकी सुंदर नानकटाई आमच्या घरात कधी झाली नव्हती. तोंडात घातली की विरघळायची. मी एक खाल्ली आणि मला इतका संताप आला की मी उठून गॅलरीत गेले. तो नसताना ती इतकी चांगली व्हायलाच नको होती.

नाताळच्या आदल्या दिवशी आईनं चांगली साडी नेसली, जांभळी, काठापदराची. मोठे दोन डबे पिशवीत घातले. मला वाटलं, अनाथाश्रमात जायचं असेल. रिक्षावाल्याला तिनं त्या पहिल्या ऑफिसचा पत्ता सांगितला.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. आईनं पिशवीतून कागदी बशा काढल्या आणि टेबलाटेबलावर ठेवत गेली. बशीत एक करंजी, थोडे शंकरपाळे, दोन नानकटाया. तिला तिथे कुणी ओळखलं नाही. ऑफिसात रोज किती म्हाताऱ्या येतात. "अय्या, नाताळचा फराळ का? किती छान!" एक बाई म्हणाल्या. कुणी विचारलं, "केक नाही आणला का, मावशी?" सगळे हसले. आईही हसली. ती इंजिनीअर साहेबांच्या टेबलापाशी शेवटी गेली. ते फोनवर बोलत होते. त्यांनी बोलता बोलताच एक नानकटाई तोंडात टाकली, डोळे मोठे केले, अंगठ्यानं झकास अशी खूण केली, आणि दुसरी उचलली. मग फोन ठेवून त्यांनी नीट वर पाहिलं, आणि त्यांचा चावायचा वेग कमी झाला.

"तुम्ही त्या... वाघोलीकडच्या..."

"हो. संदेशची आई. ही त्याच्या नाताळची नानकटाई. दरवर्षी तूप तो फेसायचा, यंदा मी फेसलं. चांगली झालीय ना?"

त्यांनी तोंडातला घास गिळला. "मावशी, मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं..."

"तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. आता मी सांगते." तिचा आवाज चढला नाही. अपघात विभागात ज्या आवाजात ती नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगायची, तोच तो आवाज. हॉलमधले पंखे बंद होते, त्यामुळे शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. "माझा मुलगा त्या चरात मेला. चर अजून उघडा आहे. तुम्ही सगळ्यांनी आज मयताच्या घरचं खाल्लंय. आता तुम्ही माझ्याशी परक्यासारखं बोलू शकत नाही. आता मला घरच्या माणसासारखं सांगा, तो चर कोण बुजवणार?"

केकचं विचारणाऱ्यानं बशी टेबलावरून हळूच बाजूला सरकवली. जणू त्यानं काही होणार होतं. मघाच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आई त्यांच्याकडे वळली. "रडू नका हो. रडायला घरी माणसं आहेत. तुम्ही फोन लावा."

साहेब म्हणाले, "मावशी, बसा तुम्ही. मी बघतो काय करता येईल."

"बसते. डब्यात अजून आहे."

ती खरंच बसली. मी तिच्या मागे उभी राहिले. साहेबांनी एक फोन केला, दुसरा केला. तिसऱ्या फोनला त्यांचा आवाज बदलला. पहिल्यांदा त्यांच्या तोंडून "मी सांगतोय ना" असं वाक्य आलं. त्या दुपारी चारच्या सुमारास मुरमाचा एक ट्रक गेला आणि चर बुजला. आम्ही स्वतः जाऊन पाहिलं. दोन मजूर फावड्यांनी मुरूम सारखा करत होते आणि दुचाक्या त्याच्यावरून निघून जात होत्या. त्यांवरच्या एकालाही इथे काय झालं ते ठाऊक नव्हतं.

मला वाटलं होतं, आई आता तरी रडेल. ती कडेला उभी राहून तो मुरूम बघत होती. मग म्हणाली, "एवढंच होतं? एक ट्रक?"

तिच्या रागाचा त्या दिवशी तळच नाहीसा झाला असं मला वाटतं. काम अवघड असतं, पैसा नसता, माणसं नसती, तर कुठेतरी समजूत घालता आली असती. पण ते अर्ध्या दुपारचं काम होतं. तीन फोन आणि एक ट्रक. माझ्या भावाचा जीव आणि ते तीन फोन यांच्यामध्ये फक्त कंटाळा होता.

नाताळच्या सकाळी उपासनेनंतर लोक घरी आले. येणार नाहीत असं वाटलं होतं, पण आले. थोरल्या काकूही आल्या. ऑफिसातली गोष्ट तोवर सगळीकडे झाली होती. काकूंनी आईचे हात हातात घेतले. "बघ सुमन, देवानं ऐकलं."

"देव ऐकतच असतो, अक्का. ऑफिस ऐकत नव्हतं. घ्या, करंजी घ्या."

काकूंनी करंजी घेतली.

नंतर त्या गोष्टीचं जे झालं, त्याचा मला त्या चराइतकाच राग आहे. कुणीतरी ती मोबाइलवर लिहून फिरवली. एका आईनं रागाचं रूपांतर गोडव्यात कसं केलं. खाली जोडलेले हात, वर उगवता सूर्य. मला ती आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली, वारज्यात, जिथे कुणाला माहीत नव्हतं की ती माझीच आई आहे. पंचवीस जणांनी अंगठे टाकले होते. एकानं लिहिलं होतं, क्षमा हीच खरी शक्ती. मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच टाकलं, "तिनं कुणाला क्षमा केलेली नाही." त्यावर कुणी अंगठा टाकला नाही. रूपांतर वगैरे काही झालं नव्हतं. राग होता तसाच ती डब्यात भरून घेऊन गेली आणि त्यांच्या टेबलावर ठेवून आली. साखर त्यात होती, कारण नानकटाईत साखर असते.

साहेबांची बदली झाली म्हणे. चौकशी झाली नाही. पोलिसांच्या कागदातली हयगय अजून संदेशचीच आहे. ती बदलून घ्यायला आम्ही वकील लावलाय, तारखा पडतात. शफीकभाईंची भट्टी आता विजेवर चालते, पण डिसेंबरात ते घरगुती पत्रे अजून लावून देतात. आई आता माझ्याकडे राहते. तिचे खांदे दुखतात, तूप मी फेसते. चव तितकी येत नाही आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

परवा तिला डॉक्टरांकडून घेऊन येत होते. दिवे लागायची वेळ. आमच्या घराच्या अलीकडच्या वळणावर रिक्षावाल्यानं एकदम हँडल वळवलं, आम्ही दोघी एका बाजूला आदळलो. सकाळी तिथे काही नव्हतं. आता अर्धा रस्ता खणून ठेवलेला, बाजूला मातीचा ढीग, माणूस एक नाही.

"थांबवा," आई म्हणाली.

"आजी, घर आलंच तुमचं."

"थांबवा म्हणते ना."

ती उतरली. पंचाहत्तरीची बाई, गुडघ्याला पट्टा, हातात औषधांची पिशवी. ती सरळ त्या खड्ड्याच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि दुसरा हात तिनं आडवा धरला. गाड्या करकचून थांबल्या. हॉर्न सुरू झाले. पाठीवर ऑफिसची सॅक लावलेला एक मुलगा हेल्मेटची काच वर करून ओरडला, "ओ आजी, साइडला व्हा ना! मरायचंय का?"

"मला नाही रे," आई म्हणाली. "तू तिकडून जा. हळू जा. इथे खड्डा आहे."

त्यानं खाली वाकून पाहिलं. गाडी वळवली, गेला. मागून आणखी येतच होत्या. रिक्षावाला मान मागे वळवून विचारत होता, ताई, मी थांबू की जाऊ? मी महापालिकेच्या नंबरावर फोन लावला, तिथे गाणं वाजत होतं. आईचे खांदे दुखत असणार, पण ती आडवा धरलेला हात खाली घेईना. मी फोन तसाच चालू ठेवून पर्समध्ये टाकला, रस्त्यात उतरले आणि तिच्या शेजारी जाऊन माझा हात आडवा धरला.